समुद्रावरची रोपे: वनस्पतिसंग्राहकांच्या मोहिमा आणि जिवंत वाहतुकीचा प्रश्न

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपातील राजसत्ता, व्यापारी कंपन्या आणि उद्यानसंस्था यांनी दूरदेशी पाठवलेल्या वनस्पतिसंग्राहकांचा इतिहास बहुधा शोधाचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि कोणती वनस्पती कोणाला, कोणत्या डोंगरात व कोणत्या साली सापडली यालाच त्यात मानाचे स्थान मिळते. वास्तविक रोप सापडणे हा या उद्योगाचा तुलनेने सोपा भाग होता. ते मुळांसकट उकरून बंदरापर्यंत आणणे, जहाजावर महिनोन्‌महिने जगवणे आणि निराळ्या हवामानातील मातीत पुन्हा लावणे हा टप्पा कितीतरी अधिक बिकट होता, आणि बहुसंख्य रोपे याच टप्प्यात मरत. वनस्पतींचे जागतिक स्थलांतर समजून घ्यायचे असेल, तर अरण्यातील संग्राहकाइतकेच लक्ष जहाजाच्या डेकवरील पेटीकडे आणि त्या पेटीची निगा राखणाऱ्या माणसाकडे द्यावे लागते.

जिवंत झाडे समुद्रमार्गे नेण्याची कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमध्ये दैर अल्‌-बहरी येथील हत्शेप्सुत राणीच्या मंदिरात, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातील पुंत देशाच्या मोहिमेची जी शिल्पे आहेत, त्यांत सुगंधी डिंकाची झाडे मुळांसह टोपल्यांत ठेवून, टोपल्या दांड्याला अडकवून माणसे जहाजावर चढवत असल्याचे स्पष्ट दिसते. मात्र तांबड्या समुद्रातील तो प्रवास आणि कँटनहून आफ्रिकेला वळसा घालून लंडन गाठण्याचा प्रवास यांची तुलना होऊ शकत नाही. या दुसऱ्या प्रवासाला अनुकूल वाऱ्यातही चार ते सहा महिने लागत, विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे आणि मधल्या काळात रोपाला कडक उन्हापासून दक्षिणेकडील गारठ्यापर्यंत सर्व काही सोसावे लागे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बी का पाठवले जात नव्हते, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. बी पाठवले जातच होते, आणि ज्या वनस्पतींचे बी वाळवून कागदात बांधले तरी वर्षभर उगवणक्षम राहते त्यांच्या बाबतीत तोच मार्ग शहाणपणाचा होता. परंतु उष्ण कटिबंधातील अनेक मोलाच्या वनस्पतींच्या बियांना वाळवण सोसत नाही. ओलावा ठराविक प्रमाणाखाली गेला की आतील अंकुर मरतो, आणि ओलावा टिकवावा तर बी वाटेतच रुजते किंवा कुजते. चहा, रबर, कोको, जायफळ, आंबा ही सर्व या गटातील झाडे होत. दुसरी अडचण वाणाची होती. कोकणातील बागायतदार जाणतो की हापूसची कोय लावली म्हणून हापूसच मिळेल असे नाही, आणि म्हणून निवडक वाण हवा असेल तर कलमच न्यावे लागते. तिसरा गट मुळात बीच न धरणाऱ्या वाणांचा. ताहितीतील उत्तम नीरफणस, ज्याची झाडे आज कोकण-गोव्याच्या परसांतही दिसतात, हा मुळांवरच्या फुटव्यांपासूनच वाढवला जात असे. या तिन्ही गटांसाठी जिवंत रोपाला पर्याय नव्हता, आणि व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची पिके नेमकी याच गटांत होती.

जहाजावर रोपे मरण्याची कारणे तत्कालीन जाणकारांना चांगली ठाऊक होती. पहिले कारण मीठ. लाटांचे तुषार पानांवर पडून सुकले की पाने करपत, आणि तेच पाणी मातीत उतरले की मुळे निकामी होत. पाने गोड्या पाण्याने धुणे हा त्यावरचा उपाय होता, परंतु गोडे पाणी खलाशांनाच मोजून मिळत असताना झाडांसाठी ते मागणे म्हणजे भांडण ओढवून घेणे होते. १७२०च्या दशकाच्या सुरुवातीस मार्टिनिक बेटावर कॉफीचे रोप नेणाऱ्या गॅब्रिएल द क्लियू या फ्रेंच अधिकाऱ्याने पुढे लिहिलेल्या पत्रात, पाण्याची टंचाई पडल्यावर आपल्या वाट्याचे पाणी आपण रोपाला दिले असे नमूद केले आहे. त्या वृत्तांतात आत्मगौरव असेल असे मानले तरी पाण्याची ओढ खोटी म्हणता येत नाही. दुसरे कारण जागेचे. पेट्या डेकवर ठेवल्या तर वारा, तुषार आणि शिडांची कामे यांच्या तडाख्यात सापडत, वादळात त्या सर्वांत आधी समुद्रात फेकल्या जात. खाली कोठारात ठेवल्या तर उजेडाअभावी रोपे पिवळी पडून लांबट होत आणि कोलमडत. त्यात उंदरांचा, झुरळांचा आणि जहाजावर पाळलेल्या शेळ्या-माकडांचा उपद्रव. आणि ज्याची गणना सहसा होत नाही असे एक कारण म्हणजे अती काळजी: निचरा नसलेल्या पेटीत रोज पाणी ओतणारा सद्‌भावी खलाशी तहानेइतकीच मर घडवून आणू शकत असे.

या अनुभवातून सूचनापुस्तिकांचे एक स्वतंत्र वाङ्मय तयार झाले. फ्रान्समध्ये दुआमेल द्यू मोंसो याने १७५२ साली झाडे, कंद आणि बिया समुद्रमार्गे कशा न्याव्यात यावर पुस्तिका काढली. लंडनमधील व्यापारी आणि निसर्गाभ्यासक जॉन एलिस याची पौर्वात्य देशांतून बिया व रोपे आणण्याविषयीची पुस्तिका १७७० साली निघाली, आणि तिच्यात तारेच्या जाळीच्या पेट्या व भोके पाडलेली पिंपे यांच्या आकृती दिल्या होत्या. या पुस्तिकांतील सल्ला आजच्या रोपवाटिकेतही पटेल असा आहे: रोपे निघण्याआधी काही आठवडे पेटीत लावून तेथेच मुळे धरू द्यावीत, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गड्डा, फुटू देऊ नये, आणि रोपे युरोपात थंडीच्या तोंडावर न पोचता वसंतात पोचतील अशा बेताने जहाज निवडावे. सल्ला बरोबर असूनही त्याचा उपयोग मर्यादित राहिला, कारण तो पाळण्याचा अधिकार संग्राहकाकडे नसून कप्तानाकडे होता.

तोट्याचे मोजमाप जॉन लिव्हिंगस्टन याने केले. मकाव-कँटन परिसरात ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य असलेल्या या गृहस्थाने १८१९ साली लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला कळवले की चीनहून निघालेल्या हजार रोपांपैकी सरासरी एकच जिवंत पोचते. आणि पेटीसह एका रोपाचा खर्च ६ शिलिंग ८ पेन्स धरला, तर इंग्लंडात रुजलेले प्रत्येक चिनी रोप ३०० पौंडांहून अधिक किमतीला पडते. हजारात एक हा आकडा अंदाजाचाच असणार, आणि काहींनी त्याहून बरेच चांगले यश मिळवले होते. कंपनीचा चहा-परीक्षक जॉन रीव्ह्ज हा कँटनजवळच्या रोपवाटिकांतून घेतलेली रोपे कित्येक महिने आधी कुंड्यांत लावून कणखर करी आणि मगच विश्वासातल्या कप्तानांच्या हवाली करी. परदेशीयांना त्या काळी चीनच्या अंतर्भागात फिरण्याची मुभा नव्हती, त्यामुळे इंग्लंडात चिनी म्हणून गाजलेली गुलाब, शेवंती, कॅमेलिया यांची बरीच झाडे रानातून आणलेली नसून चिनी माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली होती. त्या माळ्यांच्या कौशल्याची नोंद इतिहासात जवळजवळ नाही, ही या विषयातील मोठी उणीव आहे.

राज्यसत्तेने हा प्रश्न मनावर घेतला तर जहाज कसे दिसे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘बाउंटी’. वेस्ट इंडीजमधील ऊसमळ्यांत राबणाऱ्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून ताहितीहून नीरफणसाची रोपे नेण्याची ही मोहीम १७८७ साली निघाली. तिची आखणी वनस्पतिज्ञ जोसेफ बँक्स यांनी केली आणि नेतृत्व विल्यम ब्लाय यांच्याकडे होते. जहाजातील सर्वांत प्रशस्त दालन, जे एरवी कप्तानाचे असते, ते झाडांना देण्यात आले. त्याला छतातून उजेड येण्यासाठी दोन मोठी तावदाने आणि हवेसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन झडपा होत्या. जमिनीवर कुंड्यांच्या मापाची भोके पाडलेला दुसरा लाकडी तळ बसवला होता, म्हणजे जहाज कितीही कलले तरी कुंडी जागची हलू नये. खालचा डेक शिशाच्या पत्र्याने मढवला होता आणि कुंड्यांतून झिरपलेले पाणी नळ्यांतून खालच्या पिंपांत जमा होऊन पुन्हा वापरता येई. बँक्स यांच्या सूचनांत कुत्री, मांजरे, माकडे, शेळ्या यांपैकी कोणताही प्राणी जहाजावर नको असे बजावले होते, आणि विष घालून मारलेले उंदीर फळ्यांआड कुजून दुर्गंधी सुटली तरी खलाशांनी तक्रार करू नये, अशीही तरतूद होती.

या मोहिमेची गोष्ट बंडामुळे अजरामर झाली. पण त्या बंडाच्या मुळाशी झाडांचे वेळापत्रक होते, हे पुरेसे सांगितले जात नाही. ऑक्टोबर १७८८ अखेर ताहितीत पोचल्यावर फुटवे जमवून, ते कुंड्यांत लावून, मुळे धरेपर्यंत ब्लाय यांना सुमारे पाच महिने थांबावे लागले. एवढ्या मुक्कामात खलाशांचे बेटावरील लोकांशी घनिष्ठ संबंध जुळले आणि जहाजावरील शिस्त सैल झाली. ४ एप्रिल १७८९ रोजी ७७४ कुंड्या, ३९ पिंपे आणि २४ पेट्यांत मिळून १,०१५ रोपे घेऊन ‘बाउंटी’ निघाले, आणि २८ एप्रिलला बंड होऊन ती सारी रोपे समुद्रात फेकली गेली. रोपांची निगा राखणारा माळी डेव्हिड नेल्सन ब्लाय यांच्याबरोबर उघड्या होडीतून तिमोरला पोचला आणि तेथेच वारला. ब्लाय यांनी १७९१ साली ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजातून दुसरा प्रयत्न केला. या वेळी २,१२६ नीरफणस निघाले आणि १७९३ साली सेंट व्हिन्सेंट व जमैका येथे ६७८ जिवंत उतरले. दोन प्रशिक्षित माळी, राजाश्रय आणि खास बांधलेली व्यवस्था असूनही यश तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहिले, यावरून सामान्य व्यापारी जहाजावरील रोपांची गत कळते. ज्यांच्यासाठी हा आटापिटा झाला त्या गुलामांना ते फळ सुरुवातीस रुचलेही नाही. अन्न निवडण्याचा हक्क ज्यांना नव्हता त्यांच्यावर लादलेले ते अन्न होते, हे या यशाच्या जोडीने लिहिले गेलेच पाहिजे.

कप्तान आणि वनस्पतिज्ञ यांच्यातील तंटा हा या इतिहासाचा कायमचा घटक आहे. जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावर (१७९१–९५) बँक्स यांच्या आग्रहाने डेकवर काचेच्या झडपा असलेला वाफा बांधण्यात आला होता. मुख्य डेकवरची जागा गेल्यामुळे कप्तान नाराज, आणि रोपांची हेळसांड होते म्हणून वनस्पतिज्ञ आर्चिबाल्ड मेंझीस नाराज. परतीच्या प्रवासात वाफ्याची देखभाल करणाऱ्या नोकराला कप्तानाने पहाऱ्याच्या कामाला जुंपले, मुसळधार पावसात वाफा उघडा राहिला आणि रोपे गेली. मेंझीस यांनी जाब विचारला तेव्हा त्यांनाच अटकेत ठेवण्यात आले. चिलीतील अरौकेरिया वृक्षाची काही रोपे मात्र वाचून इंग्लंडला पोचली. अशा प्रसंगांत दोष एकट्या कप्तानाचा नसे: युद्धनौकेच्या व्यवस्थेत झाडांना स्थानच नव्हते, आणि जे काम कोणाच्याही नेमून दिलेल्या कर्तव्यात नाही ते संकटात सर्वांत आधी सुटते.

काही वनस्पती स्वभावतःच प्रवासाला सोईच्या होत्या. लंडनजवळच्या क्यू वनस्पतिउद्यानाचा पहिला अधिकृत संग्राहक फ्रान्सिस मॅसन १७७२ साली दक्षिण आफ्रिकेला गेला आणि १७७५ साली परतताना त्याने सायकडवर्गातील एक झाड आणले. जाड खोडात पाणी व अन्न साठवणारे ते झाड क्यू येथे आजही कुंडीत जिवंत आहे. पाने नाजूक असलेल्या नेच्यांना मात्र असे भाग्य क्वचितच लाभे.

या परिस्थितीत खरा बदल नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या लंडनच्या वैद्याने केला. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या व्हाइटचॅपल भागात त्याला नेचे वाढवायचे होते आणि ते सारखे मरत होते. १८२९ साली पतंगाचा कोश पाहण्यासाठी त्याने ओलसर माती घातलेली एक बाटली झाकून ठेवली असता मातीतून एक नेचा आणि गवताचे एक पाते उगवले. दिवसा मातीतील ओल वाफ होऊन काचेवर जमे आणि थंडाव्याने थेंब होऊन पुन्हा मातीत उतरे; बाहेरचे पाणी न घालताही हे चक्र चालू राहिले आणि ती झाडे जवळजवळ चार वर्षे जगली. धुरापासून बचाव करणारी काच खाऱ्या तुषारांपासूनही बचाव करील, आणि पाण्याची वाटणी करण्याचा प्रश्नच मिटेल, हे वॉर्डने ओळखले. १८३३ साली नेचे आणि गवते लावलेल्या दोन पेट्या त्याने कप्तान चार्ल्स मॅलर्ड यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाला धाडल्या आणि त्या उत्तम स्थितीत पोचल्या. फेब्रुवारी १८३४ मध्ये त्याच पेट्या ऑस्ट्रेलियन रोपांनी भरून परत निघाल्या, केप हॉर्नच्या बर्फातून आणि विषुववृत्ताच्या उन्हातून, म्हणजे उणे ७ ते ४८–४९ अंश सेल्सियस एवढ्या फरकातून, आठ महिन्यांनी लंडनला आल्या, आणि आतील नाजूक नेचा तेव्हाही हिरवागार होता.

वॉर्डची पेटी दिसायला साधी होती: मजबूत लाकडाचा खोल तळ, त्यावर दोन्ही बाजूंना उतरते काचेचे छप्पर, काचांना तारेची जाळी आणि उचलायला दोरीचे कान. तळाशी निचऱ्याचा थर, त्यावर माती, आणि रोपे लावल्यावर आडव्या पट्ट्या ठोकून माती जागच्या जागी दाबलेली. हॅकनी येथील लॉडिजेस रोपवाटिकेचा अनुभव या क्रांतीचे माप देतो: पूर्वी वीसपैकी एकोणीस रोपे मरत, आता वीसपैकी एकोणीस जगतात. तथापि हे यश पेटीचे एकटीचे नव्हते. माती वाफशावर असतानाच पेटी बंद करावी लागे, कारण चिखल झाल्यास मुळे कुजत; पेटी डेकवर उजेडात ठेवावी लागे; फुटलेली काच ताबडतोब बदलावी लागे. हे जाणणारा माणूस जेथे नव्हता तेथे याच पेट्यांतून मेलेली रोपे उतरली. शिवाय आगबोटी आल्या, १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि प्रवासच आखूड झाला, हेही श्रेय वेगळे मोजले पाहिजे.

पेटीचा सर्वांत परिणामकारक वापर हिंदुस्थानाशी निगडित आहे. चहाचे बी लवकर निर्जीव होते, त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीसाठी १८४८ नंतर चीनमध्ये हिंडणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यून याने एक युक्ती केली: पेटीत तुतीची रोपे लावून त्यांच्या ओळींमध्ये चहाचे ताजे बी पेरले, वरून पातळ मातीचा थर दिला आणि बी वाटेतच रुजू दिले. म्हणजे रोप आणि बी यांतील निवड करण्याऐवजी त्याने प्रवासाचा काळच रुजवणीचा काळ केला. अशा रीतीने बारा हजारांहून अधिक रोपे १८५१ साली हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी पोचली, आणि त्यांच्यासोबत चहा करण्याचे ज्ञान असलेले चिनी कारागीरही आले. पुढे हिंदुस्थानातील चहाचा पसारा मुख्यतः आसामच्या स्थानिक वाणावर वाढला, तरी तंत्र म्हणून फॉर्च्यूनची ही कृती अजोड आहे.

सिंकोना, म्हणजे ज्याच्या सालीपासून हिवतापावरील क्विनीन मिळते तो अँडीज पर्वतातील वृक्ष, याचा अनुभव उलटसुलट होता. क्लेमेंट्स मार्कम यांनी १८६० साली पेरूतून जमवलेली रोपे पनामा, इंग्लंड, अलेक्झांड्रिया, तांबडा समुद्र असा वळसा घेत मुंबईला आली. तांबड्या समुद्रातील उष्म्याने ती आधीच खंगली होती, मुंबईत पुढच्या जहाजासाठी खोळंबा झाला, आणि उटकमंडला पोचल्यावरही ती वाचली नाहीत. रिचर्ड स्प्रूस आणि रॉबर्ट क्रॉस यांनी इक्वेडोरमधून काढलेली तांबड्या सालीची रोपे १८६१ साली निलगिरीत जगली आणि तेथील लागवड त्यांवर उभी राहिली. परंतु क्विनीनचे प्रमाण सर्वांत जास्त असलेला वाण जिवंत रोपांतून गेलाच नाही: बोलिव्हियातील मान्वेल इंक्रा मामानी याने जमवलेले सूक्ष्म बी चार्ल्स लेजर यांच्यामार्फत १८६५ साली युरोपात पोचले, डच सरकारने ते घेतले आणि जावा बेट क्विनीनचे केंद्र झाले. मामानीला या कामाबद्दल मायदेशात तुरुंगवास आणि मारहाण सोसावी लागली व त्यातच त्याचा अंत झाला. जिवंत वाहतुकीच्या प्रत्येक यशामागे अशी एखादी किंमत कोणीतरी मोजलेली असते, आणि आढावा घेणाऱ्याने ती ताळेबंदात धरली नाही तर हिशेब खोटा ठरतो. रबराच्या बाबतीत दोन्ही मार्ग जोडले गेले: १८७६ साली हेन्री विकम यांनी ब्राझीलमधून आणलेल्या सुमारे ७०,००० बियांपैकी जेमतेम २,७०० क्यू येथे रुजल्या, आणि त्यांतील १,९१९ रोपे ३८ वॉर्डियन पेट्यांतून श्रीलंकेला रवाना झाली.

महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्या रोपांचे एक प्रकरण येथे नोंदले पाहिजे, कारण त्याचे परिणाम आजही बाजारात दिसतात. १८८९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जी. मार्शल वुड्रो यांच्यामार्फत अमेरिकेच्या कृषी खात्याने आंब्याची कलमे मागवली. फ्लॉरिडातील बागायतदारांना दिलेल्या या कलमांपैकी १८९४–९५ च्या कडाक्याच्या थंडीतून मुलगोबा जातीचे एक झाड एल्ब्रिज गेल यांच्या बागेत वाचले आणि १८९८ साली त्याला फळ धरले. त्याच फळांच्या कोयींपासून पुढे हेडन हा वाण निपजला, आणि अमेरिका खंडातील कित्येक व्यापारी आंब्यांचे मूळ हेडनपर्यंत जाते. सबंध वाहतुकीतून एकच झाड जगणे हे आकडेवारीत अपयश ठरते. प्रत्यक्षात त्या एका झाडाने पिकाचा इतिहास बदलला. जगवणीची टक्केवारी हे यशाचे अपुरे माप आहे, हे त्यावरून दिसते.

पेटीने रोपाबरोबर माती नेली, आणि मातीबरोबर किडी, अळ्या, कवके आणि तणांचे बीही नेले. पूर्वीच्या प्रवासात खारे वारे आणि उपासमार यांमुळे रोपांसोबत त्यांचे शत्रूही मरत. बंद काचेखाली दोघेही सुखरूप राहू लागले. या धोक्याची जाण उशिरा आली. जानेवारी १९१० मध्ये जपानने वॉशिंग्टनला भेट दिलेली सुमारे २,००० चेरीची झाडे कीड व सूत्रकृमी आढळल्याने जाळून टाकावी लागली; १९१२ साली नवी, निर्जंतुक केलेली ३,०२० झाडे पोचली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत वनस्पती विलग्नवासाचा कायदा झाला, म्हणजे परदेशी रोप तपासणीविना देशात शिरू न देण्याची तरतूद झाली. हिंदुस्थानात विघातक कीटक व रोग यांविषयीचा कायदा १९१४ साली आला. वॉर्डियन पेट्या तरीही बराच काळ वापरात राहिल्या, आणि क्यू येथे त्यांतून आलेली शेवटची रोपे १९६२ साली फिजीहून उतरली. आज देशोदेशी जाणारी रोपे मुळांवरची माती धुऊन काढून, मुळे ओलसर निर्जंतुक माध्यमात गुंडाळून, तपासणीच्या दाखल्यासह विमानाने पाठवली जातात. ज्या मातीच्या हुंडीला शतकभर संग्राहकांनी जिवापाड जपले, तिला आता बहुतेक देशांच्या सीमेवर प्रवेश नाही.